तुटल्या लोखंडाचे कर्णिक

कर्णिकांसमोर कोणी तुटलेली वस्तू आणून ठेवली की ते आधी वस्तूकडे पाहत नसत. आणणाऱ्याच्या हातांकडे पाहत. त्याचे नाव नंतर, कारखान्याचे नाव त्याहूनही नंतर. पहिला प्रश्न ठरलेला असे: "हिला कोणीकोणी हात लावला?"

मोरिवली गावाच्या अंगाला औद्योगिक वसाहतीत त्यांची दोन खोल्यांची प्रयोगशाळा होती. एखादी वस्तू का तुटली, एवढ्याच एका प्रश्नाचे उत्तर तिथे मिळे. अंबरनाथ, उल्हासनगर आणि बदलापूर येथील कारखान्यांतून मोडलेले दांडे, चिरलेल्या नळ्या, दात गेलेली चक्रे, निखळलेले बोल्ट असे सारे फडक्यात गुंडाळून त्यांच्या मेजावर येत असे. ते आधी पुष्कळ वर्षे एका मोठ्या कारखान्याच्या धातुपरीक्षण विभागात होते. तिथून का बाहेर पडले, हे त्यांनी सांगितले नाही आणि मीही विचारले नाही. मी सकाळी अंबरनाथ पश्चिमेच्या शाळेत संस्कृत शिकवत असे आणि दुपारी त्यांच्याकडे अहवाल टंकलिखित करण्याचे काम करीत असे. धातुशास्त्रातले मला काहीच कळत नव्हते; परंतु अकरा वर्षे एका माणसाची वाक्ये टंकित केल्यावर तो माणूस काहीसा कळू लागतो.

त्यांच्या गळ्यात काळ्या दोऱ्याला बांधलेले एक लहानसे भिंग सदैव असे. ते देवदर्शनाला जात नसत. तथापि माझ्या आचाराची त्यांनी कधी थट्टा केली नाही. शिवमंदिरातून मी परस्पर कामावर आलो की इतकेच म्हणत, "मास्तर, आधी तोंडहात धुवा. कपाळाचं भस्म नमुन्यावर पडलं तर तुमचा देव माझ्या रिपोर्टात येईल."

मनुष्याचा स्वभाव असा आहे की तुटलेले दोन तुकडे हाती आले की तो ते एकमेकांना जुळवून पाहतो. कपबशी फुटली तरी आपण हेच करतो. कर्णिकांच्या शास्त्रात यासारखा अपराध नाही. तुटीच्या पृष्ठभागावर ज्या सूक्ष्म रेषा उमटलेल्या असतात, त्यांतच तुटण्याची सारी कथा असते. तुकडे एकमेकांवर टेकवले की त्या रेषा घासून जातात. हे ठाऊक असूनही कर्णिक कोणाला आधी सावध करीत नसत. ते वाट पाहत.

उल्हासनगरच्या एका बर्फाच्या कारखान्याचे सिंधी शेठ एकदा कॉम्प्रेसरचा तुटका दांडा घेऊन आले. बसताक्षणी त्यांनी दोन्ही तुकडे जुळवून दाखवले. "देखो साईं, एकदम बराबर बसतंय. वेल्डिंग मारून चालेल काय, तेवढंच सांगा."

"अजून एकदा बसवा," कर्णिक म्हणाले.

शेठनी पुन्हा बसवले.

"थोडं फिरवून. हां. अजून थोडं घासा."

शेठनी भक्तिभावाने घासले.

"आता घरी घेऊन जा."

"क्यूं? टेस्टिंग?"

"काय टेस्टिंग करू, शेठ? साक्षीदार बोलायला आला होता, तुम्ही माझ्यासमोर त्याची जीभ किसून काढलीत."

"फीस डबल घ्या ना साईं, नाराज कशाला होताय?"

"डबल फीला जीभ उगवत नाही."

शेठ गेल्यावर मी म्हणालो, "त्यांना आधीच सांगितले असते तर?"

"तर पुढच्या खेपेला ते विसरले असते," कर्णिक म्हणाले. "आता मरेपर्यंत विसरणार नाहीत. चहा सांगा."

त्यांच्या अहवालांत काही शब्दांना प्रवेश नव्हता. त्यांत 'निष्काळजीपणा' हा शब्द अग्रभागी होता. एका कारखान्याच्या पत्रातला तो शब्द मी जसाच्या तसा उतरवून घेतला, तेव्हा त्यांनी कागद माझ्यासमोर धरला. "हे कोण आहेत? रेशनकार्डावर नाव आहे का यांचं? वस्तू आपोआप तुटत नाही, मास्तर. कोणीतरी तोडतो. आणि ती तुटते तेव्हा तो बहुतेक घरी जेवायला गेलेला असतो."

म्हणून त्यांना नाव हवे असे. आतल्या खोलीत काचेची दारे असलेले एक कपाट होते. त्यात तपासून झालेले तुकडे ओळीने मांडलेले असत आणि प्रत्येकाखाली चिठ्ठी असे. चिठ्ठीवर वस्तूचे नाव नसे. ज्याच्या चुकीने ती तुटली त्या माणसाचे नाव असे. माझे बाळबोध अक्षर बरे आहे, म्हणून त्या चिठ्ठ्या मी लिहीत असे. शाळेत सुभाषिते लिहिताना जो टाक वापरीत असे, त्याच टाकाने. हे मी आज कबूल करतो. त्या काळी मला ते केवळ काम वाटत होते.

एका कारखान्यातील सबनीस नावाचे अभियंते आपल्या नव्या वरिष्ठांना घेऊन आले होते. कर्णिकांनी त्यांना कपाटापाशी नेले, फळीवरचा एक स्प्रिंगचा तुकडा दाखवला आणि वरिष्ठांना शांतपणे म्हणाले, "हा यांचा. भेट झालीच आहे, म्हणून ओळख करून देतो." सबनिसांनी चिठ्ठीवरचे आपले नाव वाचले. त्यांच्या वरच्या ओठावर घाम साचला होता, आणि तो पुसण्याचेही त्यांना सुचत नव्हते. काही महिन्यांनी ते गाव सोडून गेले असे ऐकले.

असेच एक व्यवस्थापक आपल्या भाच्याचे नाव अहवालातून गाळावे म्हणून पेढे घेऊन आले. कर्णिकांनी एक पेढा खाल्ला, मला दिला, चांगले आहेत म्हणाले. व्यवस्थापक समाधानाने गेले. मग कर्णिकांनी मजकूर सांगितला आणि मी तो टंकित केला: "नमुन्याबरोबर कारखान्याच्या व्यवस्थापकांनी प्रयोगशाळेस पाव किलो पेढे दिले. ते उत्तम होते. त्यांचा निष्कर्षावर परिणाम झालेला नाही." हे वाक्य अहवालाच्या तिन्ही प्रतींत गेले, आणि त्यांतील एक प्रत कारखान्याच्या मालकांकडे जात असे.

अशा माणसाविषयी प्रेम वाटणे कठीण आहे, आणि मला ते वाटत होते असे मी म्हणणार नाही. आदर मात्र वाटत होता. मी ज्या परंपरेत शिकलो तिथे पाठात एक मात्रा चुकली तरी गुरुजी पहिल्यापासून म्हणायला लावीत. कर्णिकांच्या ठायी मला तीच निष्ठा दिसे. त्यांनी कधी कोणासाठी एक अक्षर इकडचे तिकडे केले नाही, असे मी पुष्कळांना अभिमानाने सांगत असे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, एका दसऱ्यानंतर, मी तसे सांगणे बंद केले.

वसाहतीतल्या एका कारखान्यात मोटर उचलताना साखळीची कडी तुटली आणि मोटर खाली उभ्या असलेल्या कामगारावर पडली. तो जागीच गेला. त्याचे नाव लक्ष्मण भोईर, राहणार मोरिवली. भोईरांच्या शेतांवरच ती वसाहत उभी राहिली होती, आणि घरातले दोघे भाऊ तिथेच कामाला लागले होते. थोरला शांताराम त्याच कारखान्यात साखळ्या, दोर आणि कप्प्या यांची देखभाल करीत असे. म्हणजे धाकट्याच्या डोक्यावर जी कडी तुटली, ती थोरल्याच्या ताब्यातली होती.

कर्णिक त्या कडीवर दोन दिवस बसले. बाजूने दिव्याचा तिरपा झोत टाकून, भिंग लावून, मग सूक्ष्मदर्शकाखाली. तुटीचा बहुतेक भाग ताजा, चकचकीत आणि रवाळ होता. एका कडेला मात्र तांदळाच्या दाण्याएवढा काळसर ठिपका होता, आणि त्यात काहीतरी लाल होते. त्यांनी सुईच्या टोकाने त्याचा कण काढून काचेवर घेतला आणि मला बोलावले.

"मास्तर, हे तुमच्या खात्यातलं दिसतंय. काय आहे?"

मी पाहिले. "कुंकू आहे."

"नक्की?"

"रोज लावतो मी. खंडेनवमीच्या पूजेचे असणार."

त्यांचा चेहरा उजळला. दुसऱ्याच्या घरी मृत्यू झालेला असताना एखाद्याला इतका निर्मळ आनंद होऊ शकतो, हे मी त्या दिवशी पाहिले. त्यांनी मला ते समजावून सांगितले. कुंकू कडीच्या आत गेले, म्हणजे पूजेच्या दिवशी तडा अस्तित्वात होता. ते दाण्याएवढ्याच जागेत गेले, म्हणजे तडा त्या दिवशी तेवढाच होता. त्याच्या वर चंदेरी रंग होता. पूजेत साखळी उठून दिसावी म्हणून कोणीतरी तिला, कुंकू लावल्यावर, रंगाचा हात दिला होता. वजन उचलायच्या साखळीला रंग लावायचा नसतो, कारण रंगाखाली तडा दिसत नाही. पण तिथे दरवर्षी नवमीला सगळ्या अवजारांना असा रंग देत, आणि कोणालाही त्यात वावगे वाटत नसे.

मग त्यांनी गणित मांडले. एवढ्याशा तड्याने ती कडी नेहमीच्या वजनाला पूजेनंतरच्या चार दिवसांत तुटली नसती. तिच्यावर पेलवत नाही इतके वजन आले होते. वजन लावणारा लक्ष्मण होता. तेवढे वजन एकदम उचलायला त्याला वरच्या साहेबाने सांगितले होते, हे साऱ्या कारखान्याला ठाऊक होते. परंतु तोंडी हुकूम लोखंडात उमटत नाही, आणि कर्णिक लोखंडात उमटलेले तेवढेच लिहीत असत. त्या संध्याकाळी मी गणिताचे पान टंकित केले. कपाटासाठी चिठ्ठीही लिहिली: लक्ष्मण भोईर.

दुसऱ्या दिवशी दुपारी कारखान्याचे कामगार अधिकारी निष्कर्ष ऐकायला आले. साखळीच्या नोंदवहीवर सही शांतारामची होती, म्हणून त्यालाही आणले होते. भावाचे दहावे नुकतेच झालेले, डोक्याचा तुळतुळीत गोटा, आणि त्यावर टोपी बसत नव्हती म्हणून ती त्याने हातात धरली होती.

कर्णिकांनी तड्याचे आणि वजनाचे सांगितले. अधिकाऱ्यांनी वही मिटली. "म्हणजे मयताची चूक. बरं झालं, स्पष्ट झालं. त्याच्या बायकोला कँटीनमध्ये घ्या म्हणून युनियन मागे लागली होती. आता तो विषय नाही."

लक्ष्मणची बायको हिरा. पदरात दोन मुली. हे त्या खोलीतल्या सगळ्यांना माहीत होते.

कर्णिक अधिकाऱ्यांकडे वळले. "माझं बोलणं संपलं नाही," ते म्हणाले. "वजन किती लावायचं, हे त्याला कोणी सांगितलं?"

"लेखी काही नाही."

"असणारच नाही. मग आणखी एक शक्यता उरते. पूजेच्या दिवशी कोणी हा तडा पाहिला असेल, आणि पाहूनही साखळी कामातून काढली नसेल, तर चूक त्याची. लक्ष्मणला फुटकी साखळी दिली गेली, असा अर्थ होईल." मग त्यांनी खुर्ची वळवली. "कुंकू कोणी लावलं?"

"मीच, सायब," शांताराम म्हणाला.

"रंग?"

"त्यो पन मीच. दरसाल मीच लावतंय."

"मग नीट ऐक. तू तडा पाहिला नसशील, तर लक्ष्मणने वजन जास्त लावलं म्हणून तो मेला. पाहिला असशील, तर तुझ्यामुळे मेला. पाहिलास का?"

शांतारामने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. बाहेर कुठल्याशा कारखान्याचा पाळी सुटल्याचा भोंगा वाजला आणि थांबला.

"बगला," तो म्हणाला.

अधिकारी सावरून बसले. "बघून बोलला का नाहीस?"

"आमचेत खंडेनवमीला हत्याराला नाव ठेवीत नाय, सायब. त्या दिवशी त्यो देव असतो. उद्या सांगू बोललो. मंग दसरा आला, सुटी आली. राहूनच गेला."

हे तो इतके सहज बोलला की कोणालाही खरे वाटावे. मलाही वाटले, असे मानणारी घरे मी जाणतो. कर्णिकांनी मात्र कपाटावरून दुसरी एक कडी उचलली. कारखान्याने तुलनेसाठी त्याच साखळीतली एक अखंड कडी दिली होती, ती. तिच्या टोकाला मीच ओळखीसाठी निळ्या शाईची खूण केली होती. तिच्यावर कसलाही तडा नव्हता. ती त्यांनी शांतारामच्या पुढ्यात धरली, गळ्यातले भिंग काढून त्याच्या हातात दिले आणि विचारले, "हा बघ. हाच तडा ना?"

शांतारामने भिंग डोळ्याजवळ नेले, दूर धरले, पुन्हा जवळ नेले.

"व्हय. ह्योच."

"नक्की?"

"ह्योच सायब. मी इसरन कसा?"

त्या क्षणी मला दोन गोष्टी कळल्या. एक, त्याने तडा पाहिलेला नव्हता. त्याला जवळचे धड दिसतही नव्हते. भावाच्या नावावर चूक लागू नये आणि भावजयीच्या मुलींना दोन घास मिळावेत, म्हणून तो ती स्वतःवर घेत होता. दुसरी, हे कर्णिकांना माझ्याआधी ठाऊक झाले होते. अधिकाऱ्यांना या कडीतले आणि त्या कडीतले काही कळत नव्हते. खोलीत सत्य बोलू शकणारे आम्ही दोघेच होतो.

"लिहा मास्तर," कर्णिक म्हणाले. "तडा पूजेच्या दिवशी दिसण्याजोगा होता. देखभाल करणारे शांताराम भोईर यांनी तो पाहिल्याचे मान्य केले आणि ओळखून दाखवला."

मी लिहिले. ते दोघे गेल्यावर आदल्या दिवशीचे गणिताचे पान कर्णिकांनी माझ्या हातून घेऊन बर्नरवर धरले, आणि पहिली चिठ्ठीही त्यावरच धरली. मग नवी चिठ्ठी लिहायला सांगितली. मी टाक उचलला नाही. ते म्हणाले, "कपाटात दुसरं नाव दिसलं, तर शांताराम जितेपणी उगाचच मेला असं होईल. लिहा." मी लिहिले: शांताराम भोईर. ती चिठ्ठी कपाटात पुढे कित्येक वर्षे होती, आणि येणारेजाणारे ती वाचत असत.

शांतारामला कारखान्याने काढून टाकले. हिराला कँटीनमध्ये घेतले. अहवालातली गोष्ट गावात पोहोचायला एक दिवस पुरला. त्याची म्हातारी आई त्याचे घर सोडून हिराकडे राहायला गेली. त्याच्या मुलीचे जमलेले लग्न मोडले. तो पुढे गावाच्या तोंडाशी, वडाखाली बसून स्टोव्ह दुरुस्त करू लागला. पिन घालायचे भोक तो बोटाने चाचपून शोधत असे.

मी कर्णिकांना एकदाच विचारले. म्हणालो, निदान त्या बाईला तरी खरे सांगावे.

"काय सांगू?" ते म्हणाले. "तुझा नवरा चुकला, आणि तुझी नोकरी खोटी आहे? शांतारामने जे करायचं ते केलं. आता आपल्याला बरं वाटावं म्हणून ते मोडायचं?" आणि लगेच पुढच्या नमुन्याचा मजकूर सांगू लागले. त्यानंतरही ते तसेच कठोर राहिले; शेठांना तुकडे घासायला लावीत राहिले, चिठ्ठ्या लिहवून घेत राहिले. एका खोट्या वाक्याने त्यांच्यात काही मऊ झाले असेल, तर ते मला दिसले नाही.

नव्वदीच्या मध्यावर त्यांनी प्रयोगशाळा बंद केली आणि बदलापूरला पुतण्याकडे राहायला जायचे ठरवले. शेवटच्या दिवशी आम्ही दोघे मोरिवलीतून रिक्षापर्यंत चालत निघालो. वडाखाली शांताराम बसला होता. हिरा कँटीनची पाळी संपवून येत होती. हातात डबा, अंगावर कारखान्याची निळी साडी. कर्णिकांना पाहून ती आडवी आली. भोवती चार बायका होत्या, दोन म्हातारे होते.

"सायब, तुमीच न ते? मना एक सांगा. लोक आता बोलतात, याला तवापासूनच दिसत नव्हता. यानं बगलाच नसंल, म्हनतात. माजी सासू बी आता तसंच बोलते. तुमी शिकलेली मानसं. याला दिसला व्हता का नाय?"

शांतारामच्या हातातली पिन थांबली. त्याने मान वर केली नाही.

माझ्या ओठांपर्यंत शब्द आले होते. इतक्या वर्षांनी तिची नोकरी कोणी काढून घेतली नसती, असे मला वाटले. या माणसाला उरलेली चार वर्षे तरी आईच्या हातचे जेवता आले असते. कर्णिकांनी माझ्याकडे न पाहता माझे मनगट धरले. त्यांच्या वयाच्या मानाने पकड विलक्षण घट्ट होती.

"चांगलं दिसत होतं त्याला," ते सर्वांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले. "मी माझ्या हाताने भिंग देऊन विचारलं होतं. त्याने तडा बरोबर दाखवला."

हिराने शांतारामकडे पाहिले. "आयकलास? डोलं धड व्हतं तुजं. जीब झडली व्हती." आणि त्याच्या पुढ्यातल्या स्टोव्हजवळ ती थुंकली. बायका तिच्यामागून गेल्या. म्हातारेही उठले.

सगळे लांब गेल्यावर शांतारामने धोतराला हात पुसले आणि बसल्याजागी कर्णिकांना दोन्ही हात जोडले.

कर्णिकांनी तो नमस्कार घेतला नाही. रिक्षा उभी होती, तिच्यात चढले, "स्टेशनला घ्या" म्हणाले, आणि मला जागा व्हावी म्हणून पलीकडे सरकून बसले.